‘जर्मल’, चिमूटभर सोडियम आणि वाळूजची भट्टी

आजचा विषय जरा जड आहे, पण ज्या धातूबद्दल आहे तो हलका आहे. तेव्हा सांभाळून घ्या. :-)

आमच्या युसूफ वडगावात (तालुका केज, जिल्हा बीड) ॲल्युमिनियमला फारसं कुणी ॲल्युमिनियम म्हणत नाही. ते ‘जर्मल’. जर्मलचं पातेलं, जर्मलची ताटली, जर्मलचा डबा. जरा शिकलेले लोक ‘जर्मन’ म्हणतात, एवढाच फरक. पूर्वी ‘जर्मन सिल्व्हर’ नावाचा पांढरा मिश्रधातू मिळायचा. तांबं, जस्त आणि निकेल. चांदी औषधालाही नाही. पुढे दुसरा स्वस्त पांढरा धातू बाजारात आला आणि ते नाव त्याला चिकटलं असावं.

आता गंमत बघा. गावात हे जर्मल दोन ठिकाणी सापडतं. एक चुलीपाशी आणि दुसरं मोटरसायकलच्या टाकीखाली, म्हणजे इंजिनात. पातेलं हातातून निसटलं तर त्याला पोचा पडतो. तो आतून ठोकून काढला की पातेलं पुढे दहा वर्षं चालतं. मोटरसायकल मात्र खडीवर आडवी झाली आणि इंजिनाचं कव्हर दगडावर आपटलं तर ते तडकतं, टवकाच उडतो. ते ठोकून सरळ करायचा विचार कुठलाही मेकॅनिक करत नाही. नाव एकच, पण एक वाकतो आणि दुसरा तुटतो. का?

थोडक्यात उत्तर असं की पातेलं पत्र्याचं असतं आणि तो पत्रा जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा. इंजिनाचं कव्हर ओतीव असतं आणि त्यात साधारण दहा-बारा टक्के सिलिकॉन असतं. पण थोडक्यात उत्तरावर भागणार असतं तर शनिवार कशाला खर्ची घातला असता? शिक्षणाने मी मेकॅनिकल इंजिनिअर, पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. कॉलेजात ॲल्युमिनियम-सिलिकॉनची ती इंग्रजी व्हीसारखी आकृती पाहिली तेव्हापासून ती डोक्यात बसली आहे. तिच्यामागे शंभर वर्षांचा मोठा मजेशीर इतिहास आहे आणि त्याचं एक टोक थेट मराठवाड्यात येतं.

मातीतले दोघे

पृथ्वीच्या कवचात वजनाने पहिला नंबर ऑक्सिजनचा, साधारण ४६ टक्के. दुसरा सिलिकॉनचा, २८ टक्क्यांच्या आसपास. तिसरा ॲल्युमिनियमचा, ८ टक्के. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानातून चालताना चपलेला जो किलोभर चिखल चिकटतो, तो बराचसा या तिघांचाच. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख, तिच्यातही हेच तिघे. पण ऑक्सिजनने बाकीच्या दोघांना असं घट्ट धरून ठेवलं आहे की सोडवायला प्रचंड ऊर्जा लागते. म्हणून लोखंड माणसाला हजारो वर्षांपासून माहीत, आणि ॲल्युमिनियम पहिल्यांदा सुटं झालं ते १८२५ साली, डेन्मार्कच्या ऑर्स्टेडच्या हातून.

त्यानंतर साठ वर्षं हा धातू मिरवायचाच राहिला. १८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा कळस बसवला, तेव्हा त्याचा भाव चांदीच्या जवळपास होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू यांनी एकमेकांना न ओळखता विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळं करायची एकच पद्धत शोधली. दोघंही १८६३ साली जन्मलेले, म्हणजे तेव्हा बाविशी-तेविशीतले. (त्या वयात आपल्यातले बरेच जण कॅम्पस प्लेसमेंटची यादी बघत होते. असो.) भाव कोसळला आणि सम्राटांचा धातू पातेल्यापर्यंत आला.

पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ. पातेल्याला ते चालतं, यंत्राला नाही. म्हणून त्यात काहीतरी मिसळायचे प्रयोग सुरू झाले. सुरुवातीला मान तांब्याला होता. राइट बंधूंनी १९०३ साली जे पहिलं विमान उडवलं, त्याच्या इंजिनाची क्रँककेस ॲल्युमिनियमची होती आणि त्यात सुमारे ८ टक्के तांबं होतं. त्यामुळे ताकद यायची, पण असा धातू ओतताना त्रास फार. गार होता होता भेगा पडायच्या, पातळ भाग नीट भरायचे नाहीत.

सिलिकॉनच का?

कागदावर पाहिलं तर सिलिकॉनइतका चांगला जोडीदार दुसरा नाही. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, सिलिकॉन १४१४ अंशांना. पण साधारण १२.६ टक्के सिलिकॉन मिसळलं की हे मिश्रण ५७७ अंशांनाच वितळतं. दोघांपेक्षाही कमी! आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकतात, तसलाच प्रकार. आकृतीतला व्हीचा खालचा कोपरा तो हाच.

दुसरं म्हणजे सिलिकॉन गोठताना किलोमागे ॲल्युमिनियमच्या चौपटीहून जास्त उष्णता सोडतं. त्यामुळे रस साच्यात शिरल्यावरही बराच वेळ वाहता राहतो आणि इंजिनावरच्या त्या पातळ पट्ट्यांपर्यंत पोचतो. तिसरं, ॲल्युमिनियम गोठताना आकसतं, आकारमानाने सहा-सात टक्के. सिलिकॉन मात्र पाण्याच्या बर्फासारखं गोठताना फुगतं. म्हणजे एकाच्या तोट्यातला काही भाग दुसरा भरून काढतो. चौथं कारण पिस्टनचं. तापल्यावर शुद्ध ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावतं. बिडाच्या सिलिंडरमध्ये असला पिस्टन घातला तर तो जाम तरी होईल, नाहीतर आधीच सैल ठेवावा लागेल. सिलिकॉन घातलं की प्रसरण कमी होतं. शिवाय सिलिकॉन काचेसारखं कडक, त्यामुळे झीजही कमी.

मग १९२० पर्यंत सगळे काय करत होते? त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. अडचण वेगळी होती. हा रस सावकाश गार होऊ दिला की सिलिकॉन धातूच्या आत लांब-रुंद, धारदार पापुद्र्यांच्या रूपात गोठतं. बाहेरून वस्तू छान दिसते, पण आत मऊ ॲल्युमिनियममध्ये काचेचे तुकडे खोचल्यासारखी अवस्था. जोर आला की एकेका पापुद्र्यापासून तडा सुरू होतो आणि पुढच्या पापुद्र्यापर्यंत पळतो. असला धातू जरासुद्धा ताणला जात नाही, तुटतो. म्हणून जास्त सिलिकॉनच्या वाटेला कुणी फारसं जाईना.

पाच नावाचा माणूस

इथे अलादार पाच या रसायनशास्त्रज्ञाचा प्रवेश होतो. जन्माने हंगेरियन, कामाला अमेरिकेत क्लीव्हलँडला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्याने विजेच्या दिव्याची टंगस्टनची तार सुधारली. आधीच्या तारा तापून लोंबायच्या, त्याची लोंबेना. त्या तारेचं रहस्य नंतर उलगडलं ते असं की तिच्यात पोटॅशियमचा अगदी सूक्ष्म अंश राहिला होता. आपल्या घरांतले जुने पिवळे बल्ब वर्षानुवर्षं टिकायचे, त्यात या माणसाचाही वाटा आहे.

याच पाचने १९२० साली एका पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२१ साली ते त्याला मिळालं. त्याचं म्हणणं साधं होतं. ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा रस ओतण्याआधी त्याच्यावर सोडियम फ्लोराइडसारखा क्षार टाका. त्यातलं किंचित सोडियम रसात उतरतं. किती? शेकडा एक टक्क्याचा शंभरावा भाग पुरतो. सिलिकॉन तेवढंच, ॲल्युमिनियम तेवढंच, पण गोठल्यावर पापुद्रे गायब! त्यांच्या जागी पोवळ्याच्या फांद्यांसारखे बारीक गोलसर तंतू. ताकद वाढते आणि तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता तर दुप्पट-तिप्पट होते. फ्रान्समध्ये हा मिश्रधातू ‘अल्पॅक्स’ नावाने आला आणि जर्मनीत ‘सिल्युमिन’ नावाने. तेव्हा पातेल्याला नसेल, पण इंजिनाला ‘जर्मन’ म्हणायला थोडा तरी आधार आहे. :-)

ओतारी लोकांना हा बदल बघायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. नमुन्याची छोटी कांडी ओतायची, मोडायची आणि मोडलेली बाजू बघायची. खडबडीत, चमचमणारे पैलू दिसले तर सोडियम लागू पडलेलं नाही. रेशमासारखी बारीक, राखाडी दिसली तर ओता. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो ना, अगदी तसंच. रस एकाच फडातल्या उसाचा असला तरी गूळ कसा होणार हे त्या गोळीवर आणि त्या क्षणावर ठरतं.

आणि क्षण महत्त्वाचा होताच. सोडियम ८८३ अंशांना उकळतं आणि भट्टीतला रस असतो सातशेच्या पुढे. त्यामुळे ते सतत उडून जात राहतं. वीस-तीस मिनिटांत परिणाम ओसरतो. म्हणजे ओतायला उशीर झाला, मध्येच क्रेन अडकली किंवा कुणी चहाला गेलं, तर मिश्रण कागदावर तेच पण वस्तू ठिसूळ. पुढे १९७०च्या दशकापासून स्ट्रॉन्शियम वापरात आलं. ते तासन्‌तास टिकतं, म्हणून ओतकामाच्या कारखान्यांनी ते पटकन उचललं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. हे नेमकं का होतं, याचं समाधानकारक स्पष्टीकरण यायला किती वर्षं लागली असतील? लू आणि हेलावेल या संशोधकांचा गाजलेला सिद्धांत प्रसिद्ध झाला १९८७ साली. पेटंटनंतर ६६ वर्षांनी! त्यांनी दाखवलं की सोडियमचे अणू वाढत्या सिलिकॉनच्या स्फटिकाच्या कडेला अडकतात आणि त्याला सरळ वाढू देत नाहीत. स्फटिक पुन्हापुन्हा वळतो, त्याला फांद्या फुटतात आणि पापुद्र्याऐवजी पोवळं तयार होतं. त्यावरही पुढे वाद झाले, भर पडली. पण मधल्या ६६ वर्षांत जगभर विमानं, मोटारी आणि स्कूटर याच धातूवर चालल्या. ज्ञान होतं, पण ते शोधनिबंधात नव्हतं. ते पळी धरणाऱ्या हातात आणि मोडलेली कांडी बघणाऱ्या डोळ्यात होतं.

आपल्याकडे

महाराष्ट्रात या धातूची गोष्ट दोन वाटांनी आली. एक खाणीची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, चंदगड भागात बॉक्साइट आहे, आणि १९७०च्या आसपास बेळगावला इंडालचा कारखाना उभा राहिला तो या खनिजासाठी. दुसरी वाट स्कूटरची. बजाजची चेतक १९७२ साली आकुर्डीहून आली. तिचं अंग पोलादी पत्र्याचं, पण पोटात पिस्टन, सिलिंडर हेड, क्रँककेस सगळं ॲल्युमिनियमचं. ज्या पिढीने चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावले, तिने नकळत ॲल्युमिनियम-सिलिकॉनसाठीच नंबर लावले होते.

१९८५ साली बजाजचा दुसरा कारखाना वाळूजला सुरू झाला, तेव्हाच्या औरंगाबादजवळ, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ. त्याच सुमारास अनुरंग आणि तरंग जैन या जुळ्या भावांनी तिथे ॲल्युमिनियमचे भाग ओतायला सुरुवात केली. आजची एन्ड्युरन्स ही कंपनी त्यातूनच वाढली. बघता बघता त्या परिसरात प्रेशर डाय कास्टिंगचे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले.

हे डाय कास्टिंग म्हणजे पाचच्या कोड्याचं दुसरं उत्तर आहे. रस पोलादी साच्यात प्रचंड दाबाने, सेकंदाच्या काही अंशात मारायचा. पोलाद उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतं की सिलिकॉनला मोठे पापुद्रे वाढवायला वेळच मिळत नाही. सोडियम न घालताही आतली रचना बारीक होते. गाडीच्या चाकांसाठी मात्र वेगळी तऱ्हा. त्यात सिलिकॉन सातेक टक्के, थोडं मॅग्नेशियम, रसात स्ट्रॉन्शियम आणि ओतल्यावर उष्णतेचे ठरावीक संस्कार. त्यामुळे चाक खड्ड्यात आदळलं तरी एकदम फुटत नाही. या चाकांना गावाकडे ‘मॅक व्हील’ म्हणतात. मूळ शब्द मॅग, म्हणजे मॅग्नेशियम. असतात ती ॲल्युमिनियमची. या बिचाऱ्या धातूला स्वतःचं नाव काही मिळत नाही.

वाळूज आमच्यासाठी नुसतं कारखान्यांचं गाव नाही. बीड जिल्ह्याचं नाव निघालं की लोकांना आठवतो ऊसतोडीला जाणारा माणूस. पाऊस सरला की पोराबाळांसकट पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, आणि पट्टा पडला, म्हणजे साखर कारखाना बंद झाला, की परत. ‘कोयत्याला’ न जाता आयटीआय करून पगारावर जाता येईल अशी जवळची वाट वाळूज, चिकलठाण्याने दाखवली. माझा एक चुलतभाऊ तिथल्या एका डाय कास्टिंगच्या कारखान्यात आहे. दिवाळीत भेटला की आमची तासभर तरी भट्टीवर चर्चा होते. तो म्हणतो, “पावसाळ्यात ब्लो होल वाढतात, दादा. तुझ्या कॉम्प्युटरला पाऊस कळतो का? आमच्या भट्टीला कळतो.”

बरोबर आहे त्याचं. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या वाफेतून ऑक्सिजन ओढून घेतं आणि उरलेला हायड्रोजन रसात विरघळतो. गोठताना तो धातूत मावत नाही, बुडबुडे होऊन अडकतो. म्हणून रसातून नायट्रोजन सोडून तो बाहेर काढतात. भावाने हे पुस्तकात वाचलेलं नाही. त्याने बाद झालेले भाग मोजले आहेत.

आता पुढे?

इथवर वाचलंत म्हणजे तुम्हाला एक प्रश्न पडायला हरकत नाही. इंजिनच गेलं तर?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. ॲल्युमिनियम नव्याने बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ५ टक्क्यांत भंगार वितळवून पुन्हा वापरता येतं. म्हणून भंगारवाला दारात येतो आणि चांगला भाव देतो. पण भंगारात लोखंडाचे स्क्रू येतात, बिडाच्या रिंगा येतात, आणि एकदा लोखंड रसात विरघळलं की सहज निघत नाही. गोठताना त्याच्या सुया होतात. बारीक, लांब आणि पापुद्र्यांपेक्षाही वाईट. मँगनीज घालून त्यांचा आकार जरा सौम्य करता येतो, एवढंच. डाय कास्टिंगला मात्र एखादा टक्का लोखंड चालतं. उलट रस साच्याला चिकटू नये म्हणून ते थोडं लागतंच. त्यामुळे पत्रा, खिडक्यांच्या चौकटी, जुने पिस्टन असं सगळं मिश्र भंगार शेवटी इंजिनाच्या ओतीव भागांत जिरत आलं. उलट दिशेने जाता येत नाही. इंजिनाचं पातेलं होत नाही.

आणि आता जानेवारी २०२० मध्ये बाजारात उतरलेल्या नव्या चेतकला पिस्टन नाही, सिलिंडर हेड नाही. मोटरची खोळ, कंट्रोलरची पेटी, चाकं ही अजून ॲल्युमिनियमची ओतीवच आहेत, त्यामुळे भट्ट्या उद्या विझणार नाहीत. पण गाडीचा सांगाडा पेलणारे जे मोठे भाग आता जगभर ओतले जातात, त्यांना धडकेत तुटण्याआधी वाकावं लागतं. त्यांना लोखंड अगदी थोडं चालतं, म्हणजे मिश्र भंगार तिथे सहजी खपत नाही. मग ते जाणार कुठे? आणि पिस्टन, हेड, क्रँककेस ओतण्यात आयुष्य गेलेल्या माणसांनी काय करायचं?

माझ्यापुरतं मी याचं उत्तर पाचच्या गोष्टीत शोधतो. आमच्या आयटीत आपल्याला वाटतं की रेसिपी हातात आली की सगळं आलं. कोड कॉपी करा, कुठेही चालवा. हा मिश्रधातू शंभर वर्षं उलट सांगतोय. सिलिकॉन १२ टक्के हे कुणीही वाचू शकतं. ते किती वेळात गोठलं, रस किती वेळ थांबला, हवा दमट होती का, भंगारात काय आलं होतं, यावर सगळं ठरतं. वाळूजच्या लोकांनी चाळीस वर्षांत जे कमावलं, ते साच्यांपेक्षा आणि यंत्रांपेक्षा हेच आहे. नव्या गाडीचे भाग वेगळे असतील, पण रस गोठायचा तसाच गोठणार.

काळजी आहे ती या गोष्टीची की हे शहाणपण कुठे लिहिलेलं नाही. शिफ्ट सुटते, माणूस निवृत्त होतो, कंत्राट संपतं आणि ते त्याच्याबरोबर गावी जातं. विज्ञानाने पाचला ६६ वर्षांनी गाठलं, कारण त्याचं पेटंट कागदावर होतं. आमच्या भावाच्या डोक्यातलं पावसाळ्याचं गणित कोण लिहून ठेवणार? मी त्याला म्हटलंय, येत्या दिवाळीत वही घेऊन बसू. तो सांगेल, मी लिहीन. तुमच्याही घरात असा एखादा ओतारी, फिटर, टर्नर असेल, तर तुम्हीही एक वही घ्या.